उलटं स्टेशन

१

थोरलीने अण्णांच्या कोटाची बटणं लावली, मफलरचं टोक आत खोचलं, आणि अण्णांनी नेहमीप्रमाणे तिचे आभार मानले.

"माझा फार त्रास होतो हो बाई तुम्हाला."

"त्रास कसला त्यात," ती म्हणाली.

बापाने पोटच्या पोरीला 'अहो बाई' म्हणायला लागून वर्ष उलटून गेलं होतं. सुरुवातीला ती त्यांना दुरुस्त करायची, मग काही दिवस रडायची. हल्ली तिने दोन्ही सोडून दिलं होतं. माणूस कशालाही सरावतो, आणि थोरली तर जन्मापासून सरावण्यातच पटाईत होती.

फलाटावर गाडी उभी होती. हिरवे डबे, पितळी मुठी, पुढे घासूनपुसून लख्ख केलेलं काळं इंजिन. एके काळी हीच गाडी डोंगरावरच्या वस्तीला टपाल, दूध आणि शाळेचे मास्तर पोचवायची. मग रस्ता झाला, मोटारी आल्या, आणि गाडीला म्हातारपणी वेगळंच काम लागलं. आता ती हौशी माणसांना दरी दाखवायला वर नेते आणि संध्याकाळच्या आत खाली आणून सोडते. लोक इंजिनासमोर उभे राहून फोटो काढतात आणि कपड्यांवर कोळशाचा कण पडला की कुरकुरतात.

अण्णा या गाडीचे गार्ड होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी या एका डोंगरावर काढली. कुठल्या वळणावर चाकं घसरतात, कुठल्या बोगद्यात पाणी गळतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. आपली मुलं कितवीत आहेत ते मात्र बायकोला विचारावं लागायचं. घरात ते पाहुण्यासारखे यायचे, गरम पाण्याने आंघोळ करायचे, झोपायचे आणि पहाटे निघून जायचे. थोरलीचं लहानपण त्यांच्या पाठीकडे बघण्यात गेलं.

आणि आता विसरायची वेळ आली तेव्हा अण्णा घरच तेवढं विसरले होते. गाडी जशीच्या तशी डोक्यात होती.

धाकटा भाऊ लांबच्या शहरात राहायचा आणि तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. त्यानेच चौकशा करून एक चांगला वृद्धाश्रम शोधला होता. खोली मिळाली होती. पुढच्या आठवड्यात अण्णांना तिथे नेऊन सोडायचं ठरलं होतं. थोरलीने बरेच दिवस खळखळ केली, पण एकदा अण्णा गॅस चालू ठेवून झोपले आणि एकदा पहाटे पायात काही न घालता 'ड्यूटीला' निघाले, तेव्हा तिचंही बळ संपलं. तिने फक्त एवढंच मागितलं की त्याआधी त्यांना एकदा गाडीतून फिरवून आणते.

"त्यांना बरं वाटेल," ती धाकट्याला म्हणाली होती. हे अर्धंच खरं होतं. तिला वाटत होतं की इंजिनाचा वास, शिट्टी, डोंगर असं काहीतरी त्यांच्या डोक्यातली अडकलेली कडी काढेल आणि ते एकदा, एकदाच तिच्याकडे बघून 'थोरले' अशी हाक मारतील. मग पुढे काय करायचं होतं ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. पण ओळख न देणाऱ्या बापाला परक्या दारात सोडून यायचं, हे तिला झेपत नव्हतं.

२

गाडी निघाली. समोरच्या बाकावर एक ऐसपैस बाई बसल्या होत्या, मांडीवर भला मोठा थर्मास घेऊन. थोरलीने मनातल्या मनात त्यांचं नाव थर्मासबाई ठेवून टाकलं. गाडीने फलाट सोडायच्या आत थर्मासबाईंनी झाकण उघडलं.

"घ्या हो आजोबा, चहा घ्या."

"ड्यूटीवर घेत नाही," अण्णा म्हणाले.

थर्मासबाईंनी थोरलीकडे पाहिलं.

"गार्ड होते. याच गाडीवर," थोरली म्हणाली.

"होते काय? आहे," अण्णांनी तिला सुनावलं आणि खिडकीबाहेर मान काढली.

आताच्या गार्डने मात्र चढतानाच त्यांना कडक सलाम ठोकला होता. हा गार्ड अण्णांच्याच हाताखाली शिकलेला, ताडमाड उंच. अण्णा त्याला 'खांब' म्हणायचे. पोटची मुलं विसरले तरी खांबाला अण्णा कधी विसरले नव्हते; आजही दिसल्या दिसल्या म्हणाले होते, "खांबा, टोपी सरळ कर." खांबाने टोपी सरळ केली होती.

चढ सुरू झाला. एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीत धुकं. अण्णांचं अंग हळूहळू ताठ होत गेलं.

"आता शिट्टी देईल. लांब," ते म्हणाले. इंजिनाने लांब शिट्टी दिली.

"आता चाकं घसरतील. वाळू सोडेल रुळांवर." खालून करकर आवाज आला आणि गाडीने पुन्हा पकड घेतली. थर्मासबाईंना भलतंच कौतुक वाटलं.

"बाई," अण्णा एकाएकी थोरलीला म्हणाले, "तुम्हाला वडील आहेत का?"

"आहेत."

"तुम्ही इथे. मग त्यांच्याकडे कोण बघतं?"

"मीच बघते."

"मग माझ्यापाशी कशाला वेळ घालवता? माणसाने आधी घरच्यांकडे बघावं."

हसावं की रडावं तेच तिला कळेना. जन्मभर घराकडे न बघितलेला माणूस आज तिला शहाणपण शिकवत होता, आणि तेही इतक्या मायेने. तिने त्यांचा हात हातात घेतला. बारा महिने थंडगार असणारा हात, तळव्याला घट्टे, ब्रेकच्या चाकात सापडून वाकडं झालेलं करंगळीशेजारचं बोट. त्यांनी थोडा वेळ हात राहू दिला. मग परक्या बाईने धरलाय हे लक्षात आल्यासारखा सभ्यपणे काढून घेतला.

३

अर्ध्या डोंगरावर रूळ संपतात. पुढे सरळ कडा आहे. तिथे एक चिमुकलं स्टेशन बांधलंय आणि सगळे त्याला उलटं स्टेशन म्हणतात. गाडी तिथे तोंड खुपसून थांबते. इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून मागे जातं, दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडीला उलट ओढत वरच्या रुळावर नेतं. जो डबा शेवटचा होता तो पहिला होतो. आत बाकांच्या पाठी पलीकडे ढकलून सगळे तोंड फिरवून बसतात. ज्यांनी इतका वेळ दरी बघितली ते मुकाट्याने कातळाच्या बाजूला येतात. गार्डला या सगळ्यात एकच काम असतं आणि ते सगळ्यांत मोठं. शेपटीचा लाल दिवा काढून नव्या शेपटीला लावायचा. तो दिवा दिसला तरच अख्खी गाडी आली असं धरायचं, डबा मागे सुटलेला नाही असं धरायचं. त्याच्याशिवाय गार्डने शिट्टी द्यायची नाही.

थोरली बाकाची पाठ ढकलायला उठली. पाठ जरा अडकली, थर्मासबाईंनी हात लावला, दोघी हसल्या. तेवढ्यात अण्णा हातावर तुरी देऊन पसार झाले होते.

तिने दारातून वाकून पाहिलं. अण्णा फलाटावरून चालले होते, एक हात डब्यांवरून फिरवत, ताठ मानेने. घरात भिंत धरून चालणारा माणूस तो हाच का, असा प्रश्न पडावा. टोकाला खांब लाल दिवा घेऊन उभा होता. अण्णांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, आपल्या हक्काचा असल्यासारखा. खांबाने लांबूनच तिला हात केला.

"राहू द्या ताई. मी आहे इथे."

तरीही ती उतरली. आणि तेवढ्यात शेजारच्या रुळावरून इंजिन मागे निघालं. त्याने वाफ सोडली आणि फलाट पांढरा झाला. अंगावर ओली ऊब आली, कानात नुसता फुसकारा. पुढचा हात दिसेना.

"अण्णा," तिने हाक मारली.

ती डब्याला हात लावत पुढे गेली. पावलांचा आवाज आला, एकदा समोरून, एकदा मागून. मग शिट्टी झाली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि एका हाताला खरखरीत लोकर लागली. ओळखीचा कोट. तिने ती बाही घट्ट धरली आणि जवळच्या दारातून त्यांना वर चढवलं. गाडीला हिसका बसला.

दोघं धापा टाकत बाकावर बसले. अण्णांनी मफलर सैल केला आणि तिच्याकडे बघितलं.

"थोरले," ते म्हणाले, "खिडकी लाव गं. धूर येतोय."

४

तिने खिडकी लावली. ती कशी लावली हे तिला नंतर आठवेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि थर्मासबाई विचारत होत्या की कोळसा गेला का डोळ्यात.

"अशी काय बघतेस भूत बघितल्यासारखी," अण्णा म्हणाले. "गुडघा कसा आहे तुझा? जिना चढताना अजून धरतो ना?"

गुडघ्याचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. पण घरात राहणाऱ्या माणसाला दिसतच असणार, ती मनाशी म्हणाली. दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं, इतकंच. थर्मासबाईंनी पुन्हा चहा पुढे केला. अण्णांनी तो घेतला, फुंकर घालून प्यायले आणि साखर छान पडलीय म्हणाले.

किती बोलले ते. आई दळण दळून आणताना गुणगुणायची ते गाणं. धाकट्याला झालेल्या गोवराच्या वेळी थोरलीने त्याला सांगितलेल्या गोष्टी. तिच्या लग्नाचं जमता जमता मोडलं तेव्हा ती तीन दिवस न्हाणीघरात जाऊन रडायची, आणि नळ मोठा सोडायची, ते. थोरली ऐकत राहिली. उन्हात बसल्यासारखं अंग ढिलं पडत गेलं. आपल्याकडे कोणी इतकं बारकाईने बघितलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं.

इंजिनाने लांब शिट्टी दिली.

"एवढं कशाला कोकलतंय ते?" अण्णा म्हणाले.

"चढ आला ना. आता वाळू सोडतील."

"वाळू? रुळांवर?" ते हसले. "काहीतरीच तुझं."

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने ती झटकली. मेंदूचं असंच असतं, एका खोलीतला दिवा लागला तर दुसऱ्या खोलीतला जायचा. डॉक्टरही असंच काहीसं म्हणाले होते. गाडी गेली आणि घर परत आलं, तर रडायचं कशासाठी?

"तू शाळेच्या नाटकात झाड झाली होतीस," अण्णा म्हणत होते. "शेवटी शेवटी तुझी डावी फांदी खाली आली. हात दुखत होता तुझा, कळत होतं मला. मी पहिल्या रांगेत होतो."

थोरलीला ती पहिली रांग लख्ख आठवत होती. स्टेजवरून दुसरं काही दिसतच नव्हतं. आई होती, आईच्या मांडीवर धाकटा होता, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. आईने शेवटपर्यंत तिच्यावर पर्स ठेवली होती. झाडाने सबंध नाटकभर त्या पर्सकडे बघितलं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? होतो ना मी."

"तुम्ही गाडीवर होतात, अण्णा."

"कुठल्या गाडीवर?" त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर नुसतं साधं कुतूहल होतं.

कप परत देताना त्यांचा हात तिच्या हाताला लागला. ऊबदार होता. तळवा मऊ होता, कापसासारखा. तिने नजर खाली नेली, मग मुद्दाम दरीकडे बघत बसली. वाकडं बोट सरळ होतं. तिला वाटलं आपण चुकीचा हात बघितला असेल, दुसरा बघायला हवा. पण दुसरा हात बघायचा धीर तिला झाला नाही.

५

वरचा रूळ डोंगराला वळसा घालून पुन्हा उलट्या स्टेशनाच्या डोक्यावर येतो. धुकं जरासं फाटलं आणि खाली कौलं दिसली, मग फलाट. रिकामा.

रिकामा नव्हता. जिथे गाडीची शेपटी उभी होती, तिथे कोट घातलेला एक म्हातारा उभा होता. त्याच्या हातात लाल ठिपका होता. तो गाडी गेली त्या दिशेला बघत होता आणि दिवा आडवा हलवत होता, सावकाश, न थकता, डावीकडून उजवीकडे. गार्डच्या मुलीला त्याचा अर्थ लहानपणापासून माहीत होता. गाडी थांबवा.

धुकं मिटलं.

तिने मान वळवली. अण्णा शेजारी बसून तिच्याकडेच बघत होते.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि तिच्या अंगावरची शाल सारखी केली.

तिथला कोणी कामगार असेल. कोट काय, अर्ध्या गावाकडे तसला कोट असेल. आपल्याला सुखाची सवय नाही, म्हणून मिळालेलं सुख उलटंपालटं करून कुठे फाटलंय ते शोधतोय. असं ती स्वतःला बजावत राहिली आणि शेजारच्या माणसाचा श्वास ऐकत राहिली. श्वास अण्णांचाच होता. नाकात किंचित शीळ वाजायची, तशी वाजत होती.

वरच्या स्टेशनात सगळे उतरले. थर्मासबाई फोटो काढायला धावल्या. खांब आला, टोपी मुद्दाम तिरकी करून.

"काय साहेब, जमली का सफर?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. "माफ करा, ओळखलं नाही. आपण कोण?"

खांबाचा चेहरा खर्रकन उतरला. तो थोरलीला बाजूला घेऊन गेला.

"मला कधी विसरले नव्हते हो ताई. मघाशी तर..." मग डोळे पुसावेत म्हणून त्याने तोंड फिरवलं, आणि त्याची नजर गाडीच्या शेपटीवर गेली. तो तसाच उभा राहिला.

"दिवा कुठाय?" तो म्हणाला. "साहेबांनी घेतला माझ्याकडून. वाफेत काही दिसेना, पण ते म्हणाले, लावतो. त्यांनी दिवा लावला का, हे मी तपासायचं? त्यांचं काम? मी दिली शिट्टी." त्याने डोकं खाजवलं. "पडला असेल वाटेत."

"खाली स्टेशनात माणूस असतो का कोणी?"

"छे. खोलीला कुलूप असतं. का?"

तिने दरीतल्या धुक्याकडे पाहिलं. खिशात फोन वाजत होता. धाकटा होता, वृद्धाश्रमाच्या माणसांना काय कळवायचं म्हणून विचारत होता. ती काही बोलायच्या आत अण्णांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"धाकट्या, जेवलास का रे?"

पलीकडून मोठ्या माणसाचं रडणं, ते बेढब आणि अडखळत येणारं, तिला बाहेरूनही ऐकू आलं. अण्णा त्याची समजूत काढत होते. फोन परत तिच्या कानाशी आला तेव्हा धाकटा म्हणत होता, "ताई, ती खोली नको म्हणून सांगतो मी. मी येतो. अण्णा आपले परत आले गं."

तिने जे मागितलं होतं ते सगळं आलं होतं, आणि मागितलं नव्हतं तेही. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही होता. त्यातच कुठेतरी खाली धुक्यात एक म्हातारा गार पडत उभा होता आणि गाडी थांबवायला सांगत होता.

"चल, घरी जाऊ," अण्णा म्हणाले. "वाटेत उतरायचं मात्र नाही हं."

६

गाडी खाली निघाली. अण्णांनी तिचा हात आपल्या हातात ठेवला होता. सोडवून घ्यावा असं तिला वाटेना आणि राहू द्यावा असंही वाटेना. घरी गेल्यावर ते काय काय करतील ते बोलत होते. संध्याकाळी तिला ऑफिसातलं सगळं विचारणार होते. तिच्या गुडघ्याला तेल लावून देणार होते. थर्मासबाई डुलक्या घेत होत्या.

थोरलीने डोळे मिटून विचार करून पाहिला. समजा खाली कोणी नाही. मग परत येऊन बसायचं आणि जन्मभर देवाचे आभार मानायचे. समजा कोणी आहे. तर तो जो कोणी आहे त्याला दिवसभर कोणी पाणीसुद्धा विचारलेलं नाही. यापुढे तिचं डोकं चालेना.

उलटं स्टेशन आलं. गाडी थांबली, माणसं उठली, बाकांच्या पाठी धडाधड पलीकडे पडल्या. ती उभी राहिली.

"थोरले, बस," अण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता. उलट काकुळती होती. "इतकी वर्षं नव्हतो मी. आता आलोय."

"आलेच," ती म्हणाली आणि उतरली.

तिच्यामागे पायरी वाजली. "जपून. पाय घसरेल," मागून आवाज आला. आणि इंजिनाने वाफ सोडली.

ती पुढे चालत राहिली. पांढऱ्यात आधी लाल डाग दिसला, मग दिवा, मग दिवा धरलेला हात. अण्णांचे ओठ काळेनिळे पडले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, गार्डने प्रवाशाकडे बघावं तसं.

"बाई, फलाटावर फिरू नका. इंजिन येतंय."

"अण्णा."

"मघाची गाडी अपुरी गेली हो. शेपटीला दिवा नव्हता. मी परवानगी दिलीच नव्हती." त्यांचे दात वाजत होते. "कोणीतरी राहिलं असणार मागे. म्हटलं, कोणी येईस्तोवर थांबावं."

तिने त्यांचा हात धरला. बर्फासारखा होता. त्याच क्षणी मागून तिच्या खांद्यावर दुसरा हात आला, मऊ आणि ऊबदार.

"थोरले," मागचे अण्णा म्हणाले. "माझ्याकडे बघ."

ती बघणार होती. मान अर्धी वळलीसुद्धा होती. या हाकेसाठी तिने वर्ष काढलं होतं, खरं तर सगळं आयुष्य काढलं होतं. समोरचा म्हातारा तिला कधीच ओळखणार नव्हता. आज नाही, पुढच्या आठवड्यात त्या खोलीच्या दारात नाही, शेवटच्या दिवशीही नाही. हे तिला तितक्या वेळात स्वच्छ कळलं. आणि मागे वळलो तर हा गार हात आपल्याच्याने धरवणार नाही, हेही कळलं.

"दिवा खांबाकडे द्या," ती समोर बघत म्हणाली. "चला, गाडीत बसू."

"गाडी पूर्ण आहे का पण?"

"पूर्ण आहे. मी बघितली."

खांद्यावरचा हात तसाच होता. तिने पाऊल टाकलं तेव्हा तो ओढला गेला नाही, नुसता सुटला. खांब वाफेतून लांब पावलं टाकत आला. "खांबा, टोपी," अण्णा म्हणाले, आणि खांबाने दिवा घेऊन आधी टोपी सरळ केली, मग इतका हसला की त्याला शिट्टी नीट वाजवता येईना. तिने अण्णांना डब्यात चढवलं. थर्मासबाईंनी डोळे किलकिले करून चहा विचारला. अण्णांनी मानेनेच नको म्हटलं. गाडीला हिसका बसला.

मग मागून फलाटावरून हाक आली.

"थोरले."

जेवायला वाढलंय, खेळ पुरे, अशी हाक असते ना, तशी. परत आली. "अगं थोरले."

तिने तोंडावर हात दाबला. ओ द्यायची जन्माची सवय घशाशी आली होती. तिने ती दाताखाली धरली. पुन्हा एकदा हाक आली तर आपल्याला राहवणार नाही हे तिला माहीत होतं. ती वाट बघत राहिली.

"आले हो अण्णा," वाफेतून कोणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज होता. धावत येणाऱ्या, खुशीत असलेल्या बाईचा. थोरलीने आपल्या ओठांवरून बोटं फिरवली. ओठ मिटलेले होते. आवाज तिचा होता.

अण्णा खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत होते. गाडी वळणाला लागली, फलाट दिसेनासा झाला, तेव्हा ते समाधानाने मागे टेकले.

"बरं झालं बाई," ते तिला म्हणाले. "सापडली वाटतं त्यांना त्यांची मुलगी."

आणि धूर येत होता म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.